मेजावरचा हात

“मास्तर, आत येऊ?”

दारातल्या मुलीने तिसऱ्यांदा विचारलं, आणि पडद्याच्या अलीकडे माझ्या हातातला खडू मोडला. आमच्या शाळेला खोली एकच, लांबलचक. मधोमध लाकडी फळ्यांचा पडदा उभा करून तिचे दोन वर्ग केलेले. इकडे माझी पहिली-दुसरी, तिकडे गोकुळदास मास्तरांची तिसरी-चौथी. पडद्याला चांगली फट होती. तिच्यातून दिसायचं थोडं आणि ऐकू यायचं सगळं. मास्तर दाराकडे पाठ करून फळ्यावर पेडणे तालुक्याचा नकाशा काढत होते, आणि ती मुलगी पिशवी घेऊन उंबऱ्यावर ताटकळली होती.

मग चौथीतली तारा उठली. फळ्याजवळ गेली, मास्तरांच्या समोर खिडकीच्या उजेडात उभी राहिली आणि तोंड नीट उघडून सावकाश म्हणाली, “मास्तर, दारात बाय आयल्या.”

मास्तर वळले. “ये गे, ये. ट्रेनिंग कॉलेजची ना तू? देवकी? उभी का राहिलीस मग, परक्यासारखी?”

देवकी डिचोलीची. सराव पाठांसाठी कॉलेजने तिला आमच्याकडे पाठवलं होतं. आमची वाडी इब्रामपूरच्याही पुढे, महाराष्ट्राच्या शिवेला टेकलेली. रोज ये-जा करणं शक्यच नव्हतं, म्हणून तिची सोय माझ्याच घरी. माझा नवरा खाणीवर ट्रक चालवायचा, तो शनिवारचा यायचा. घरात तेवढीच सोबत म्हणून मी हो म्हटलं होतं. त्या दिवशी जेवताना ती मला म्हणते, “सुमंगलाबाई, काय शिस्त हो तुमच्या मास्तरांची! मी एवढ्या हाका मारल्या, पण हातातलं काम पुरं झाल्याशिवाय मान वळवली नाही त्यांनी. आणि मुलं तरी बघा. एकही जागेवरून ओरडलं नाही. समोर जाऊन, उभं राहून, नीट सांगितलं. आमच्या कॉलेजात हे नुसतं पुस्तकात असतं.”

मी तिच्या ताटात माशांचं हुमण वाढलं आणि म्हटलं, “जेव आता, निवतंय.” काय सांगणार, कपाळ!

मास्तरांना ऐकू येत नव्हतं. थोडंथोडकं नाही, अगदी काहीच नाही.

एकदम नव्हतं झालं तसं. आधी पोदेर गेला की म्हणायचे, आज पाववाला भोंपू न वाजवताच गेला वाटतं. मग त्यांचा आवाज चढला. जन्मात कधी पोरावर न ओरडलेला माणूस साधं ‘बस खाली’ म्हणाला तरी माझी पहिलीतली पोरं दचकायची. शेवटी म्हापशाच्या डॉक्टरने सांगितलं, कानाच्या नसा सुकल्यात, औषध नाही. ऐकण्यासाठी खिशात ठेवायचं डबीचं यंत्र आणून बघितलं त्यांनी. वर्गात ते लावलं की सगळा कालवा एकदम डोक्यात शिरायचा. आणि खात्याच्या डोळ्यांवर ती वायर आली असती, तर आधी डॉक्टरी तपासणी, मग वर्ग काढून घेऊन कुठल्यातरी कचेरीत टपालावर शिक्के मारायला बसवणं. तेवढंच झालं असतं म्हणाल तर तेवढंच. पण या माणसाने पोर्तुगीजांच्या वेळी देवळाच्या मंडपात शाळा चालवलेली. मुक्तीनंतर सरकारी शाळा आली तेव्हा दाराचं तोरण त्यांनी स्वतः बांधलं. मूलबाळ नाही. वर्ग गेला तर मागे उरलं काय त्यांच्याकडे? निवृत्ती जवळ आली होती. तेवढी वर्षं वर्गात काढू द्या, एवढंच मागणं होतं त्यांचं. आणि तेही देवाकडे. माणसांना त्यातलं काही कळू द्यायचं नव्हतं.

म्हणून त्यांनी नियम केला होता. ज्याला बोलायचं असेल त्याने उठायचं, मेजाजवळ यायचं, खिडकीकडे तोंड करायचं आणि स्पष्ट बोलायचं. उच्चार सुधारतात, भीड चेपते, असं ते पोरांना सांगायचे. पोरांच्या ओठांवरून त्यांना सगळं कळायचं. वाचताना पोर प्रत्येक शब्दाखाली बोट धरायचं. पाढे म्हणताना मात्र मास्तर डोळे मिटून घ्यायचे आणि तळहात मेजावर पसरून ठेवायचे. पोर त्याच लाकडावर बोटांनी ताल धरायचं. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. कुठे अडखळलं की मास्तर डोळे न उघडता म्हणायचे, “साताकडे थांबलीस. परत.”

हा ताल त्यांनी शिकवला नव्हता, बरं का. तो पोरांनीच सुरू केला होता. कोणी सुरू केला, कधी, देव जाणे. चौथीची पोरं जाताना तिसरीच्यांना शिकवून जायची. मास्तरांशी बोलताना तोंड मोठं उघडायचं, मान खाली घालायची नाही, हात तोंडावर न्यायचा नाही. काहींना इतकी सवय लागली की घरी आजीशीसुद्धा तसंच बोलायची, आणि आया हसायच्या. मास्तरांना वाटायचं, पोरं नियम पाळतात. पोरांना ठाऊक होतं मास्तरांना ऐकू येत नाही. सगळ्या वाडीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त हे, की वाडीला ठाऊक आहे, आणि तेही एकट्या मास्तरांना. मला कळलंय तेवढं त्यांना माहीत होतं.

त्या वर्षी ट्रेनिंगची मुलगी येणार असं पत्र आलं, तेव्हाच मी त्यांना फणसाखाली गाठलं. समोर उभी राहिले आणि म्हटलं, “मास्तर, औंदा नको म्हणान कळवा.”

“कित्याक? दर वर्साक येतत. औंदाच कित्याक नको?”

“कित्याक ता तुमकाच ठावक.”

ते हसले. त्यांनी शिकवून तयार केलेल्या किती मास्तरणी त्या वेळी पेडणे आणि डिचोलीत होत्या, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. कॉलेजात म्हणे एकमेकींना सांगायच्या, गोकुळदास मास्तरांकडे नंबर लागला तर नशीब काढलंस. नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असणार.

“मग तिका तरी सांगान सोडा,” मी म्हटलं. “चेडू माज्याच घरात रवतला. खंय बोलाचा नाय.”

“आणि तिचे सर इले काय? तिका माज्यासाठी खोटा बोलाचा लागतला.” मास्तरांनी मान हलवली. “शिकाक येणाऱ्या चेडवाक पयला खोटा शिकवू? नको गे.”

मी रागाने छत्री आपटून घरी गेले. छत्री आपटल्याचंही त्यांना ऐकू गेलं नाही, ते वेगळंच.

देवकीला त्यांनी सुरुवातीला फळ्याजवळ येऊच दिलं नाही. पोरांच्यात, जमिनीवर, अगदी मागच्या रांगेत बसवलं. ती बिचारी इस्त्रीची साडी सांभाळत मांडी घालून बसायची आणि वहीत भराभर लिहायची. एकदा मास्तरांनी ती वही काढून घेतली आणि खिडकीत ठेवली. “लिहीत बसलीस की मान खाली जाते. मान खाली गेली की वर्ग दिसत नाही. बघ फक्त.”

“काय बघू, मास्तर?”

“ज्याला कळलं नाही ते पोर आधी कुठे बघतं ते बघ. शेजाऱ्याच्या पाटीवर? खिडकीबाहेर? की तुझ्याकडे? तुझ्याकडे बघत असलं तर बरं. ते अजून सुटलेलं नाही.”

मग तिचे पाठ सुरू झाले. ती शिकवायची आणि मास्तर तिच्या जागी मागे जाऊन बसायचे. पोरगी हुशार, गोड गळ्याची, पण बोलणं म्हणजे उतारावरची सायकल. पहिला पाठ संपला तसा तिचा चेहरा फुलला होता. मास्तरांसमोर जाऊन तिने विचारलं, “कसा झाला?”

“घाई केलीस. मागचं पोर राहिलं.”

“कोणतं?”

“ते तू सांगायचं.”

तिला सांगता येईना. तिचं तोंड एवढंसं झालं. “पण मास्तर, माझे प्रश्न? उच्चार बरे होते का?”

“उच्चारांचं तुझे सर बघतील,” मास्तर म्हणाले. “मी पोरांकडे बघत होतो.”

पडद्याच्या अलीकडे मला हसू आलं. तिच्या गोड गळ्यातला एक शब्द त्या माणसाला ऐकू आला नव्हता. तरी पाठात कुठे वर्ग तिच्याबरोबर होता आणि कुठे सुटला, ते त्यांनी तिला जसंच्या तसं सांगितलं. गोष्ट सांगताना ती फळ्याकडे वळली तेव्हा डावीकडच्या दोघी एकमेकींच्या वेण्या बघायला लागल्या. नदीचं नाव विचारलं तेव्हा तिने हात वर केलेल्यांनाच उठवलं, आणि भिंतीजवळच्या पोराने अर्धा वर केलेला हात परत मांडीवर ठेवला. देवकी थक्क होऊन ऐकत होती. दर पाठाला हेच. घाई केलीस, मागचं पोर राहिलं. घरी येऊन ती भाकरी भाजता भाजता स्वतःशी पुटपुटायची, घाई नको, घाई नको. मी म्हणायचे, “भाकरीची कर थोडी, करपते.”

हळूहळू तिला जमायला लागलं. पोरं तिच्याही मेजाजवळ जाऊ लागली. तीही पोरांच्या हाताशी हात ठेवून पाढ्याचा ताल धरायला लागली. एकदा मला म्हणाली, “बाई, एवढी वर्षं शिकले, पण एका पोराकडे पुरतं लक्ष कसं द्यायचं ते मला इथे कळलं. ही पद्धत मी जन्मभर सोडणार नाही.” तिचे डोळे भरून आले होते. सांगून टाकावं असं तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. पण मास्तरांनी बोलू नको म्हटलेलं, आणि गुपित त्यांचं, माझं नव्हे.

शेवटच्या पाठाला कॉलेजमधून कृष्णनाथ सर आले. शांत, सज्जन माणूस. आल्या आल्या पोरांच्याच कळशीतलं पाणी मागून प्यायले. देवकीने पाऊस कसा पडतो तो पाठ घेतला. काय सुरेख घेतला म्हणून सांगू! एकदाही उताराला लागली नाही. भिंतीजवळच्या त्या पोराला तिने दोनदा मेजाजवळ बोलावलं, आणि दुसऱ्या वेळी ते आपणहून बोललं. मास्तर मागे बसून बघत होते, आणि त्यांचा चेहरा लेक नांदायला निघावी तसा झाला होता.

सर खूश झाले. “छान! फारच छान!” म्हणाले. तिथे थांबायचं की नाही बयेने? पण आनंद पोटात मावेना. “सर, हे सगळं मास्तरांचं आहे. माझं काही नाही यात. तुम्ही त्यांचाच वर्ग बघा ना थोडा वेळ. मुलं कशी बोलतात बघा.”

मी फटीतून डोळे मोठे केले. ती माझ्याकडे बघून गोड हसली. तिला वाटलं मी शाबासकी देतेय.

मास्तर उठले. फळ्यावर गणित लिहायला लागले. सर देवकीशेजारी मागे बसलेले. तिथूनच त्यांनी विचारलं, “मास्तर, मुलांचे पाढे कुठवर झालेत?”

मास्तर लिहीत राहिले. सरांनी जरा मोठ्याने परत विचारलं. मास्तरांचा खडू चालूच.

वर्ग ताठ झाला. माझ्या पहिलीच्या पोरांनीसुद्धा पाट्या खाली ठेवल्या. आणि देवकी हसून म्हणते, कौतुकाने हो, “सर, इथे असं मागून विचारलं तर उत्तर मिळत नाही. समोर जाऊन विचारावं लागतं. मुलांनाही तोच नियम आहे. मी आले त्या दिवशी मलासुद्धा असंच दारात उभं केलं होतं.”

ती बोलत होती तोवर तारा उठली. तिच्यामागे आणखी दोघी. मग भिंतीजवळचं ते पोर. मग सगळी रांगच उठली. एरवी एकच जण जायचं. पण आज परके सर आलेले, मास्तरांना सांभाळायला हवं असं प्रत्येकाच्या मनात एकाच वेळी आलं. मास्तर वळले तेव्हा त्यांच्यासमोर अख्खा वर्ग उभा होता, आणि सगळ्यांची तोंडं एकदम, मोठी, सावकाश हलत होती. “मास्तर, सर इचारतत.”

मास्तरांनी त्या तोंडांकडे बघितलं. एकेकाकडे बघत गेले. मग मागे बसलेल्या सरांकडे. त्यांच्या हातातला खडू तसाच वर राहिला होता.

सर उठले. पोरांमधून वाट काढत पुढे आले, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि पोरांसारखंच तोंड उघडून सावकाश म्हणाले, “पाढे कुठवर झालेत, मास्तर?”

“एकोणतीसपर्यंत,” मास्तर म्हणाले. “तिसरीचे विसापर्यंत.”

देवकीचं हसू तेव्हा मावळलं. सरांना तिने कॉलेजात वर्षभर भरभर बोलताना ऐकलेलं. ते असे एकेक अक्षर का बोलताहेत हे तिला त्या क्षणी कळलं, आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळंच कळलं. पुढचा सगळा वेळ ती खाली मान घालून बसून राहिली.

जाताना सर फणसाखाली माझ्यापाशी थांबले. “बाई, कधीपासून आहे हे?”

“काय कधीपासून?” मी फटकारलं. “तुम्ही वर्ग बघितलात ना? एक पोर दाखवा ज्याला येत नाही.”

“ते मी बघितलं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पण शाळेमागे विहीर आहे. उद्या एखादं पोर तिथून ओरडलं आणि मास्तर एकटे असले तर? मी गप्प बसलो आणि तसं काही झालं, तर कोणाला तोंड दाखवू?”

मी विहिरीच्या दिशेने बघितलं. त्यांना शिव्या घालता आल्या असत्या तर बरं झालं असतं, पण ते जमलं नाही.

पोरं घरी गेली. देवकी मास्तरांच्या मेजापाशी उभी राहून रडत होती. काहीतरी सांगत होती, तोंडावर दोन्ही हात घट्ट धरून. मास्तर तिच्याकडे बघत म्हणाले, “हात काढ गे तोंडावरचे. मला कळत नाही तू काय म्हणतेस.”

हे त्यांनी तोंडाने कबूल केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. तिने हात काढले. “मला सांगितलं का नाही, मास्तर? मी गप्प बसले असते.”

“म्हणूनच नाही सांगितलं.” त्यांनी फडकं घेतलं आणि स्वच्छच असलेलं मेज पुसायला लागले. “पाठ चांगला झाला तुझा. आज घाई केली नाहीस.”

त्यावर ती आणखीच रडली. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. “सुमंगलाबाय, त्या पोरांक ठावक होता?”

मी मान डोलावली.

“आदीपासून?”

“आदीपासून.”

ते खुर्चीत बसले. “आणि माका वाटताला, मी तेंका शिकवतंय.” एवढंच म्हणाले. मेजावरचं फडकं त्यांनी उलगडलं, परत घडी घातली, परत उलगडलं. मी देवकीला दंडाला धरून घरी नेली.

पुढे व्हायचं तेच झालं. तपासणीला बोलावणं आलं, मग हुकूम आला. कचेरीत ते गेलेच नाहीत. निवृत्तीपर्यंत रजा टाकून घरी बसले. वाडीने निरोपाचा कार्यक्रम करायचं काढलं तर म्हणाले, नको, भाषणं होतील.

त्यांच्या जागी तरुण मास्तर आला. वाईट नव्हता. पण पोर उठून मेजाकडे चालू लागलं की म्हणायचा, “कुठे निघालास? जागेवरून सांग की!” पोर थांबायचं, मागे जायचं, आणि जागेवर उभं राहून गप्प व्हायचं. पडद्याआडून मला ती पावलं ऐकू यायची, दोन पुढे नि दोन मागे. कितीतरी दिवस चाललं तसं. मग पोरं जागेवरूनच बोलायला शिकली. भिंतीजवळचं ते पोर मात्र परत बोलेनासं झालं.

सुरुवातीला पोरं शाळा सुटल्यावर मास्तरांच्या घरी जायची. ओट्यावर त्यांच्यासमोर ओळीने उभी राहायची आणि काय काय सांगायला लागायची. मास्तर डोळे मिटून घ्यायचे. आता डोळे मिटलेल्या बहिऱ्या माणसाशी कोण कसं बोलणार? पोरं थोडा वेळ उभी राहायची आणि निघून जायची. मीही जाऊन बघितलं. माझ्यासमोरही त्यांनी डोळे मिटले. इतका राग आला मला! म्हटलं, मास्तर, मी काय केलंय? पण म्हटलं ते माझ्यापाशीच राहिलं. त्यांच्या बायकोने, पद्मावती वैनीने, मला दारापर्यंत सोडताना सांगितलं, “माज्याफुडेय तशेच करतत. जेवणाक उठवचा जाल्यार हात लावचो पडता.”

देवकीला वाळपईच्या पलीकडे, सत्तरीतल्या एका गावात नोकरी लागली. चतुर्थीच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. अंगाने वाळलेली, पण चालण्यात शाळेतली बाई आलेली. म्हणाली, “मला मास्तरांकडे न्या. एकटीने जायचा धीर होत नाही.” मी म्हटलं, “जाऊन उपयोग नाही गं.” तरी ती उठलीच.

मास्तर ओट्यावर बसले होते. पुढ्यात लहानसं लाकडी मेज, त्यावर पानाचा डबा. गणपतीवर टांगलेली फळांची माटोळी उतरवायची राहिली होती, तिची सुपारी दारातून दिसत होती. आमची चाहूल अर्थातच त्यांना लागली नाही. देवकी समोर जाऊन उजेडात उभी राहिली. मास्तरांनी तिला बघितलं. ओळखलं, नक्की ओळखलं. तोंडावर काहीतरी हललं. आणि त्यांनी डोळे मिटले.

ती बोलू लागली होती, ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, चल म्हणून. वैनी दारात उभ्या राहून पदराने तोंड पुसत होत्या.

देवकी गेली नाही. ती खाली बसली, इस्त्रीच्या साडीची पर्वा न करता, मेजाच्या पलीकडे. पानाचा डबा तिने बाजूला सरकवला. मास्तरांचा हात मांडीवर होता. तो तिने उचलला आणि मेजावर पालथा ठेवला. त्यांनी ओढून घेतला नाही, पण धरलाही नाही. मग तिने शेजारी लाकडावर बोटांनी ताल धरला. तोंडाने म्हणत होती, पण अगदी हळू. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस.

रडू आवरत म्हणत होती, त्यामुळे ताल पुढे पुढे पळायला लागला. तेरा साती एक्क्याण्णव, तेरा आठी एकशे चार. मला वाटलं, कशाला छळते ही पोरगी त्यांना. नवावरून ती दहावर आली आणि थांबली.

मग मास्तरांच्या हाताची बोटं जराशी पसरली, वर्गात पसरायची तशी. एवढे दिवस बोलले नव्हते, म्हणून आवाज फार मोठा आणि खरखरीत आला.

“घाई करतेस,” ते म्हणाले. “मागचं पोर राहिलं.”

देवकीने हात तोंडावर नेला, आणि लगेच काढला. डोळे मिटलेल्या माणसासमोर हात काढून उपयोग काय, पण काढला. मग पदराने बोटं पुसली आणि पहिल्यापासून धरलं, सावकाश. तेरा एके तेरा. मी नि वैनी दारातच उभ्या. पाढा संपेपर्यंत त्यांचा हात मेजावर होता. डोळे मात्र त्यांनी उघडले नाहीत.